वरच्या फळीवरचा चौथा डबा

आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी भिंतीएवढी होऊन समोरच्या पडद्यावर आली, तेव्हा मालनबाईंना आधी लाजच वाटली. तीनशे माणसांसमोर कुणी आपली ट्रंक उघडून दाखवावी तसं झालं. मांडणीच्या वर लाल अक्षरांत इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. इंग्रजी त्यांना बसच्या पाट्यांपुरतं आणि औषधांच्या पाकिटांपुरतं यायचं, पण हा शब्द घरात दिवसातून दहा वेळा कानांवर पडणारा, म्हणून पहिल्या दोन-तीन अक्षरांतच लागला. प्रॉब्लेम. त्याच्याखाली तीन फळ्या, फळ्यांवर स्टीलचे तेहतीस डबे, आणि कोपऱ्यात एका गोलात त्या स्वतः, पदर खोचलेल्या, गालाला मसाल्याचं बोट लागलेल्या. हा फोटो पोरानं कधी काढला कुणास ठाऊक. साडी तरी बदलली असती. स्टेजवर त्यांचा युवराज उसन्या कोटात उभा होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि माईकवर इंग्रजीत सांगत होता की ही माझी आई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालनबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत पदर सारखा केला.

कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांची ही स्पर्धा. आपण नवीन काय बनवलं ते सहा मिनिटांत सांगायचं, मग चार मिनिटं परीक्षक विचारतील त्याची उत्तरं द्यायची, मग घंटा. पहिल्या तिघांना विद्यापीठातच वर्षभर एक खोली मिळणार, कंपनी उभी करायला माणसं मदत करणार. युवराजला ती खोली हवी होती. तीन महिने त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता, आणि जेवताना तो भाकरीसुद्धा फोनकडे बघत मोडायचा. त्याच्याबरोबर गौरी होती, पुण्याहून आलेल्या इंजिनिअर आईबापांची मुलगी, अंगात नुसती लगबग. "काकू, तुम्ही पहिल्या रांगेत बसा ना, अगदी मधोमध, म्हणजे परीक्षकांना दिसाल," असं म्हणून तिनंच त्यांना हाताला धरून इथं आणून बसवलं होतं. आता ती स्टेजच्या कडेला लॅपटॉप सांभाळत होती. मालनबाईंना ती पोरगी आवडायची. फक्त ती घरी आली की आपलं मराठी आपल्यालाच गावठी वाटायला लागायचं, आणि मग त्या मुद्दामच जास्त गावठी बोलायच्या.

युवराज सांगत होता ते त्यांना शब्दाला शब्द कळत नव्हतं, पण आपल्याच घरची गोष्ट, ती कुठल्याही भाषेत कळते. एकोणीस वर्षं माझी आई तेहतीस घरांना काळा मसाला आणि चटण्या करून देते. तिच्याकडे वही नाही. फोनवर ती काही लिहीत नाही. सगळं डोक्यात. आणि गेल्या महिन्यात लसूण न खाणाऱ्या एका घरी लसणाची चटणी गेली. इथं तो थांबला. थांबायचं त्याला शिकवलेलं होतं. रात्री आरशासमोर इथंच थांबायचा. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शी इज फर्गेटिंग." सभागृहात कुणीतरी हळहळलं. मालनबाईंना तो शब्दही माहीत होता. विसरायलीय. आपली आई विसरायलीय, असं आपलं पोरगं माईकवरून सांगायलंय.

तसं त्यानं विचारलं होतं. आठ दिवसांपूर्वी चहाचा कप हातात धरून, त्यांच्याकडे न बघता म्हणाला होता, "आई, ते लसणाचं सांगू का तिथं? मेंटर सर म्हणायलेत, काही तरी खरं होनाच, त्याबिगर परीक्षक ऐकत नाहीत." "सांग की," त्या म्हणाल्या होत्या, "खोटं थोडंच हाय?" आणि कढईतलं खोबरं परतायला लागल्या होत्या. परवानगी देणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं, हे त्या वेळी कळलं नव्हतं. चूक घरात होती तोवर ती चूक होती. इथं पडद्यावर आल्यावर ती मोठी झाली, तिला नाव मिळालं, वर लाल अक्षरं आली.

चूक कशी झाली हे त्यांनी त्यानंतर शंभरदा मनात फिरवून पाहिलं होतं. त्यांची रीतच अशी होती की चुकायला जागा नाही. पिशव्या नाहीत, पाकिटं नाहीत. ज्या घराचा माल त्या घराचाच डबा. डब्यांवर नावं कोरलेली असतात, पण ती कुणाच्या कामाची? पद्मावतीबाईंच्या डब्यावर 'चि. सुजाताच्या लग्नात मामाकडून' असं लिहिलेलं. ही सुजाता पद्मावतीबाईंची नणंद, ती अमेरिकेत आणि तिचा डबा चिक्कडपल्लीत. काही डब्यांवर तेलुगू अक्षरं, एकावर उर्दू. म्हणून मालनबाईंची खूण जागेची. वरची फळी बिनलसणाची, मधली बेताच्या तिखटाची, खालची झणझणीत लसणाची. एकेका फळीवर अकरा, आणि त्यांचा क्रम घरांचा, म्हणजे चिक्कडपल्लीतल्या आपल्या दारापासून चालत निघालं की जी घरं लागतील तसा, थेट हिमायतनगरपर्यंत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकेक फळी खाली उतरवायची, झाकणं काढायची, ओळीनं भरायची, झाकणं लावून बाहेरच्या खोलीत पलंगावर मांडायची. ज्याचा तो येतो, आपला डबा ओळखतो, घेऊन जातो. हात आपोआप चालायचा. डोकं दुसरंच काही तरी करत असायचं, बहुतेक वेळा माहेरच्या विहिरीवर पाणी शेंदत असायचं.

आणि गेल्या महिन्यात पद्मावतीबाईंचा फोन आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्या हळू बोलल्या की मालनबाईंना फोन कानाला दाबून धरावा लागला. "मालनबाई, आज लसूण कसा आला हो? आमच्या सासूबाईंनी घास घेतला आणि ताटावरून उठल्या. काही बोलल्या नाहीत. तुमची तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे ना, हे वाक्य पुढं आठवडाभर भांडी घासताना, कुंकू लावताना, जिना चढताना ऐकू येत राहिलं. कारण त्यांना माहीत होतं हे असं सुरू होतं. त्यांच्या आईचं असंच झालं होतं. माहेरी भालकीला, साठीच्या आत. आधी दुधात मीठ घातलं आणि सगळे हसले. आईपण हसली. मग मीठ पुन्हा पडलं. मग एका दिवाळीला मालनबाई माहेरी गेल्या, तर आईनं दारात उभं राहून विचारलं, "अक्का, कुठल्या गावाहून आलाव?" मालनबाईंनी आपलं गाव सांगितलं. दुसरं काय सांगणार? पाणी दिलं तेही परक्या बाईला देतात तसं, तांब्यावर भांडं उपडं ठेवून. आईच्या हातची ती रीत मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

फोन आल्यापासून मालनबाई पहाटे उठल्या की अंथरुणातच डोळे मिटून घरं म्हणायच्या, दारापासून हिमायतनगरपर्यंत. कधी सगळी यायची, कधी एखादं घर निसटायचं आणि मग छातीत धडधड व्हायची, आणि धडधड झाली की पुढची तीन घरं जायची. कुणाला बोलल्या नाहीत. अंबाजी, म्हणजे त्यांचा नवरा, कोठीच्या बाजारात कापडाच्या दुकानात दिवसभर उभा असतो, संध्याकाळी पायांना तेल लावून झोपतो. त्याला काय सांगायचं? पोराची स्पर्धा तोंडावर. रिकामे डबे परत आले तसतसे त्यांनी ते मांडणीवर लावलेच नाहीत, दोन पोत्यांत भरून पलंगाखाली सारले. मांडणीला रंग द्यायचाय, असं सांगितलं. स्पर्धा झाली की ज्याचा त्याला डबा नेऊन द्यायचा आणि हात जोडायचे, हे मनात ठरलं होतं. एकोणीस वर्षं पुष्कळ झाली.

हे सगळं डोक्यात फिरत असताना त्यांची नजर पडद्यावरच्या मांडणीवर होती, आणि बराच वेळ काही तरी खुपत होतं. डोळ्यांत पापणीचा केस जावा तसं. मांडणी आपलीच, भिंतीवरचा हिरवा पोपडासुद्धा आपलाच. मग काय वेगळं? डबे किती शहाण्यासारखे बसलेत, असं त्यांना वाटलं. मोठे मागं, धाकटे पुढं, डावीकडून उजवीकडं उतरत, शाळेतल्या फोटोसारखे. आणि मग एकदम लक्षात आलं. आपली मांडणी अशी कधीच नव्हती. आपल्या मांडणीत मोठ्याच्या शेजारी धाकटा, उंचाच्या शेजारी बुटका, कारण घरं रस्त्यावर उंचीप्रमाणं बांधत नाहीत. यांनी डबे खाली काढले होते. फोटोसाठी. कधी? जूनमध्ये, आपण भाचीच्या लग्नाला भालकीला चार दिवस गेलो तेव्हा. गौरी घरी आली होती, परत आल्यावर ओटा लखलखीत दिसला होता, आपणच तिचं कौतुक केलं होतं. फोटो काढून पोरांनी डबे पुन्हा होते तसे लावून ठेवले. होते तसे! पद्मावतीबाईंचा आणि शोभाचा डबा एका दुकानातले, एका मापाचे, सख्ख्या बहिणींसारखे. एक वरच्या फळीवर चौथा, एक खालच्या फळीवर चौथा. पोरांनी अदलाबदल केली असणार. आणि शोभा! गेल्या महिन्यात शोभा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली नव्हती का, "मालनबाई, लसूण लई महाग झाला काय?" ती थट्टा करायलीय असं समजून त्या हसल्या होत्या.

आपण विसरलो नव्हतो. हात बरोबर चालला होता. डबा चुकीच्या जागी होता, हात नव्हता. मालनबाईंना एवढा आनंद झाला की त्यांना तो लपवावा लागला. तोंडावर पदर धरला, तर शेजारच्या बाईला वाटलं रडतायत, तिनं खांद्यावर हात ठेवला. महिनाभर उरावर बसलेलं काही तरी उठून गेलं होतं. भालकीच्या दारात उभी असलेली आई मागं सरली. त्यांना त्या क्षणी गौरीला मिठी मारावीशी वाटली, युवराजच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि घरी जाऊन पोती पलंगाखालून ओढून काढावीशी वाटली.

तेवढ्यात टाळ्या झाल्या. युवराजनं आपलं 'याद' नावाचं ॲप, कुठल्या जागेवर कुणाचा डबा ते फोनवर सांगणारं, दाखवून संपवलं होतं, परीक्षक प्रश्न विचारत होते, आणि मधल्या पांढऱ्या दाढीच्या परीक्षकांनी मालनबाईंकडे बोट केलं. तेलुगू माणूस, पण बोलले शहराच्या दखनी हिंदीत. "अम्मा, आप बोलो ना जरा. वही नै, कुछ नै, इतने घरां याद कैसे रखते आप?" कुणीतरी माईक आणून हातात दिला. मालनबाई उभ्या राहिल्या. स्टेजवर युवराज हसत होता, पण त्याचा अंगठा बोटांवर घासत होता. लहानपणी इंजेक्शन घेताना असाच घासायचा. खरं सांगितलं तर याचं काय होईल हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. सहा मिनिटं ज्या चुकीवर उभी होती ती चूकच निघून जाईल. न सांगितलं तर आपण साऱ्या गावासमोर विसरभोळी बाई. पण आनंद कुणाला विचारून येतो? "भूले नै साब," त्या म्हणाल्या. "रस्ते से याद रखती मैं. घर से निकली, चलती गयी, घरां आते गये."

"सुनाओ ना अम्मा."

मालनबाईंनी डोळे मिटले. "वरची फळी," त्या म्हणाल्या, आणि हिंदीत सांगायचं राहूनच गेलं. रस्ता मराठीत होता, तसाच आला. पहिला खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा, झाकण घट्ट बसतं, चमच्यानं काढावं लागतं. दुसरा पिठाच्या गिरणीवाल्यांचा. तिसरा गल्लीच्या तोंडाच्या औषधवाल्यांचा, तेलुगू अक्षरांचा. इथं त्यांना थांबता आलं असतं. हे त्यांनी पुढं स्वतःशी कबूल केलं: तिसऱ्यावर थांबून, बस साब, अब उम्र हुई, म्हणता आलं असतं, पोराची खोली पोराला मिळाली असती. त्या थांबल्या नाहीत. आईपण घटकाभर बाजूला राहिलं. "चौथा पद्मावतीबाईंचा. त्याला जोडीदार हाय, खालच्या फळीवरचा चौथा, शोभाचा. दिसायला एक, पण पद्मावतीबाईंच्या झाकणाच्या आतल्या काठाला बारीक पोचा हाय. झाकण काढल्याबिगर दिसत नाही. कुणी डबे हलवले तर माणूस चुकंल, ह्याच्यात." डोळे मिटलेलेच होते. पाचवा, सहावा, अकरावा. मग मधली फळी. मधल्या फळीवरच्या तिसऱ्या डब्याशी त्या आल्या आणि घंटा वाजली.

डोळे उघडले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि युवराज पाठमोरा होता. तो पडद्याकडे बघत होता. कोटाचे खांदे त्याच्या खांद्यांच्या बाहेर आले होते. मग तो वळला. गौरीनं लांबूनच मानेनं नको नको केलं, पण त्यानं माईक तोंडाशी नेला, आणि सवयीचं इंग्रजी टाकून हिंदीत म्हणाला, "सर, एक बात गलत बोला मैं. आई नै भूले. जून में फोटो के वास्ते हम डब्बे निकाले थे. वापस रखते वखत दो डब्बे उलटपालट हो गये. मेरेकू अब्बी समझा." पांढऱ्या दाढीचे परीक्षक आधी हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "प्रॉब्लेम तो गया बेटा," ते म्हणाले, "अब सोल्यूशन का क्या करते?"

पहिल्या तिघांत त्यांचं नाव आलं नाही. गौरी आधी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली, मग येऊन मालनबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "सॉरी काकू. डबे पुसायची आयडिया माझीच होती." तिला त्यांनी जवळ घेतलं. परतीच्या ऑटोत युवराज कोट मांडीवर घेऊन बसला होता. नारायणगुडा आलं. मालनबाईंना आता आनंदाची लाज वाटायला लागली होती. पोराचं घर जाळून आपण हात शेकले, असं काहीसं वाटत होतं. म्हणाल्या, "चुकलंच माझं. चूप बसायला होनं होतं मी."

"आई," तो बाहेर बघत म्हणाला, "ते पोत्यात डबे भरलीस ते रंगासाठी नव्हतं ना?"

मालनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आज्जीसारखं व्हायलंय असं वाटायलं होतं का तुला? इतके दिवस?"

"तुझी स्पर्धा होती की रे."

त्यानं चेहरा पलीकडे फिरवला. सिग्नल सुटला तरी तिकडेच होता. मग एकदम म्हणाला, "आणि मी माईकवर सांगितलो ते. सगळ्यांना." आणि त्यांचा हात हातात घेऊन बसला, मोठा झाल्यापासून पहिल्यांदाच. हातांना मसाल्याचा वास होता. त्यांच्या हातांचा तो वास आता जाणारच नव्हता. मालनबाईंनी त्याला हात दाबू दिला. खोली गेली त्याचं वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, पण या ऑटोतून उतरूच नये असंही वाटत होतं.

घरी आल्यावर जेवणसुद्धा न करता त्यानं पोती ओढून काढली. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. तो डबा वर करायचा, त्या जागा सांगायच्या, तो लावायचा. मास्तरीणबाई. गिरणीवाले. तेलुगू अक्षरं. पद्मावतीबाईंच्या डब्याचं झाकण काढून त्यानं आतला पोचा बोटानं चाचपला, शोभाचा डबा शेजारी धरून पाहिला आणि मान हलवली. वरची फळी भरली, मधली भरली. मालनबाई आता पाटावर बसून हुकूम सोडत होत्या, मध्येच थट्टा करत होत्या, "बघ बाबा, नाही तर पुन्हा बक्षीस मिळायचं नाही." खालच्या फळीतल्या दोन जागा राहिल्या. एक डबा शेवटच्या घराचा, तो लावला. उरलेला त्यानं त्यांच्या हातात दिला.

लाल कडीचा डबा. कडी एका बाजूला सैल. झाकण काढून त्यांनी वास घेतला. लसणाचा, खालच्या फळीचाच. जागाही एकच उरली होती, तेव्हा चुकायचा प्रश्न नव्हता. पण घर येईना. त्या दारातून निघाल्या, गिरणी ओलांडली, गल्लीचं तोंड ओलांडलं, नारायणगुडा मागं टाकलं, आणि शेवटच्या घराच्या अलीकडे रस्त्यावर नुसतं ऊन होतं. कडी वाजवून पाहिली. या डब्याला कुणाचा हात लागतो? बाई येते की पुरुष येतो? सगळं ओळखीचं आणि कुठूनच काही नाही. युवराज त्यांच्याकडे बघत होता. किती वेळ गेला होता कळलं नाही. "तहान लागली," तो म्हणाला आणि पडद्यामागं माठाकडे गेला. माठाचं झाकण वाजलं नाही. पडद्याच्या फटीतून फोनचा उजेड भिंतीवर पडला आणि विझला.

तो आला, त्यांच्या हातातून डबा अलगद घेतला, रिकाम्या जागेवर ठेवला आणि कडी नीट पुढच्या बाजूला केली. "हणमंतरावांचा," तो सहज बोलावं तसं बोलला. "तूच म्हणालीस की सकाळी हॉलमध्ये. खालची फळी, शेवटून दुसरा."

"हौ," मालनबाई म्हणाल्या. "हणमंतरावांचाच." मांडणी भरलेली दिसत होती. मोठ्याच्या शेजारी धाकटा, उंचाच्या शेजारी बुटका. त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भाकरीचं पीठ काढायला उठल्या. सकाळी घंटा वाजली तेव्हा त्या मधल्या फळीवरच्या तिसऱ्या डब्याशी होत्या. खालच्या फळीपर्यंत पोचल्याच नव्हत्या, एवढं मात्र त्यांना पक्कं आठवत होतं.